निवत ठेवलेली आमटी

१२ डिसेंबर, शुक्रवार

फ्रीज गेला. सकाळी उघडला तर आत अंधार आणि परवाच्या भाजीचा वास. सुयोगने मागच्या बाजूला कान लावला, दोन थापा मारल्या आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "कॉम्प्रेसर." मग चहा मागितला.

माझा नवरा फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. इथे बहारीनमध्ये, सित्रातल्या वर्कशॉपमध्ये लोकांचे कसले कसले फ्रीज याच्या हातून बरे होऊन घरी जातात. आणि स्वतःचा? "पार्ट मागवावा लागेल. बघू." बघू! लग्न झाल्यापासून या एका शब्दावर संसार चाललाय आमचा.

१३ डिसेंबर, शनिवार

दूध नासलं. कोथिंबीर मेली. पार्ट दुबईहून येतोय म्हणे. मी विचारलं, चालत येतोय का?

१६ डिसेंबर, मंगळवार

नॅशनल डेची सुट्टी. खाली सूकमध्ये, म्हणजे बाजारात, लाल-पांढऱ्या झेंड्यांची गर्दी. मिनूने गालावर झेंडा रंगवून घेतलाय आणि आता तोंड धुवायला तयार नाही. मराठीत रागावले तर इंग्रजीत उत्तर — "इट्स माय फेस, आई." सहा वर्षांची आहे, अजून किती ऐकायचंय कोण जाणे.

पहाटेपासून शमाल सुटलाय. उन्हाळ्यात हाच उत्तरेचा वारा तोंडात वाळू भरतो. आज मात्र असा गार की कपडे वाळत घालताना बोटं आखडली. सुयोगचे मित्र जेवायला येणार म्हणून मोठं पातेलं भरून आमटी केली होती. ऐनवेळी त्यांनी बेत रद्द केला. फ्रीज बंद, आमटी पातेलंभर! टाकायचं जिवावर आलं. उचललं पातेलं, गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीमागे सावलीत निवत ठेवलं. वरचा मजला आमचाच, गच्चीचं दार आमच्याच जिन्यात, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नाही. वाळलेले कपडे काढून घड्या घालेपर्यंत पातेलं गार! मग म्हटलं, राहू दे तिथेच सकाळपर्यंत. गेली तर गेली.

१७ डिसेंबर, बुधवार

गेली नाही! वर तुपाची फोडणी थिजून पांढरी झाली होती, खाली आमटी जशीच्या तशी. खळखळून उकळी काढली, चाखली — कालच्यापेक्षा चांगली. मी सुयोगला म्हटलं, तुझ्या धंद्याचं काही खरं नाही, देवाने फुकटचा एसी लावलाय.

तो म्हणाला, "खलास! मग पार्टची घाई नाही."

माझीच जीभ. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला कुणाची मदत लागत नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मांजराने उसळ खाल्ली. झाकणावर वरवंटा ठेवला होता तरी! इक्बालभाई — आमच्या बिल्डिंगचे वॉचमन, मला बाजी म्हणजे ताई म्हणतात — म्हणाले, "बाजी, बिल्ली की ग़लती नहीं, आपने दावत रखी थी."

सुयोगच्या मागे लागले, फ्रीज नाही तर निदान मांजराचं काहीतरी कर.

२१ डिसेंबर, रविवार

केलं! मानलं आज नवऱ्याला. वर्कशॉपमधून एका मेलेल्या एसीचा बाहेरचा डबा आणला. आतला पंखा, तांब्याच्या नळ्या सगळं काढून टाकलं, गरम पाण्याने घासला, आत दोन फळ्या बसवल्या, पुढच्या जाळीला बिजागरी लावून दार केलं. टाकीमागे लोखंडी स्टँडवर उंच बसवला, तोंड उत्तरेला. वारा जाळीतून आत शिरतो, मागून निघून जातो. मांजर बाहेर बसून नुसतं बघतं. बिनविजेचा एसी!

आता माझे नियम ठरले. आमटी, उसळ, रस्सा चालतो. भात पसरून ठेवायचा. मासे आणि दूध अजिबात नाही, ते लागेल तेवढंच आणायचं. पातेल्यावर ओलं फडकं. सूर्य वर यायच्या आत सगळं खाली. आणि खाली आणलं की आधी उकळी, मग तोंडात. दही मात्र उलटं, थंडीत विरजणच लागेना, शेवटी त्याला मिनूच्या स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात झोपवलं.

बंद फ्रीजमध्ये कांदे-बटाटे, मिनूचे रंग आणि इस्त्रीचे कपडे. एवढं मोठं कपाट या घरात पहिल्यांदाच मिळालं.

२५ डिसेंबर, गुरुवार

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये हेलन राहते. वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिने परवा बदकाचं इंद्याल केलं आणि माझ्या डब्यात एक फळी मागितली. म्हणाली, तिच्या लहानपणी नाताळचं इंद्याल असंच ओटीवर ठेवायचे, व्हिनेगर असतं त्यात, थंडीत मुरतं, फ्रीजमध्ये ठेवलं की त्याचा जीव जातो. आज आम्हाला जेवायला बोलावलं. फुग्या, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि ते इंद्याल! सुयोग तीन वेळा वाढून घेऊन वर "डबा कुणी बनवला?" म्हणून कॉलर ताठ करतोय.

फार मजेत गेला दिवस. फ्रीज बंद पडल्याचं सुख असतं हे कुणाला सांगून पटणार नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

सासूबाई येतायत. पुढच्या शुक्रवारी. व्हिजिट व्हिसा आला.

झालं माझं सुख.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. आमचं लग्न आमच्या मर्जीचं. सुयोग कणकवलीकडचा, मी कराडची. त्यांनी सुयोगसाठी वाडीतलीच मुलगी बघून ठेवली होती. लग्नात त्या आल्या, अक्षता टाकल्या आणि गेल्या. तेव्हापासून फोनवर एकच वाक्य — "सुयोग आसा?" मी म्हणते, देते. झालं बोलणं. मिनू झाली तेव्हा "बाळ बरा आसा?" एवढं जास्तीचं. माणूस वाईट नाहीत. पण घाटावरची पोरगी, मासे कापता येत नाहीत, देवाधर्माचं काही बघत नाही — असं त्या वाडीभर बोलल्याचं माझ्या कानावर आलंय. सासरे गेल्यापासून एकट्या असतात. सुयोगला वाटतं आईने इथे यावं, दरवर्षी यावं. मलाही वाटतं. पण न बोलणाऱ्या माणसाबरोबर या दोन खोल्यांत राहायचं कसं?

एकदा तरी त्यांनी मला नीट हाक मारावी, एवढंच हवंय. फार नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

आल्या. विमानतळावर खांद्यावर शाल, हातात कोकमाची पिशवी. सुयोगच्या गालावरून हात फिरवला, मिनूला पोटाशी धरलं, माझ्याकडे बघून मान हलवली. गाडीत म्हणाल्या — सुयोगला — "वाळवंटात एवढी थंडी?" तो हसला. मीही हसले. त्यांनी बाहेर बघितलं.

१० जानेवारी, शनिवार

काहीतरी विचित्र चाललंय.

संध्याकाळी मी आमटी घेऊन वर गेले. मागे सासूबाईंनी सुयोगला विचारलं, ती वर कशाला जाते? तो कुणाच्यातरी मिक्सरशी झटत होता, तोंडात स्क्रू धरलेले. तसाच म्हणाला, "जेवाण निवत ठेवूक." हे त्याने मला नंतर सांगितलं. मी वर पातेल्यावर फडकं घालत होते आणि मागे वळून बघते तर सासूबाई! चपला गच्चीच्या दाराशी काढून, पदर डोक्यावर घेऊन उभ्या. डब्याकडे बघतायत. मला वाटलं, आता बोलणी खाणार — शिळं घालते, भंगारात जेवण ठेवते.

त्यांनी हळूच विचारलं, "खंय तोंड करून ठेवतंस?"

मी म्हटलं, "उत्तरेला. तिकडून येतो ना."

त्यांनी मान डोलावली, डोळे मिटले आणि हात जोडले! टाकीला? वाऱ्याला? मी पण घाबरून हात जोडले.

११ जानेवारी, रविवार

ऑफिसमधून — अदलियात एका आर्किटेक्टकडे रिसेप्शनला बसते मी — घरी आले तर डब्यासमोर गच्ची झाडलेली. जाळीला कुंकवाचं बोट. आत मोगऱ्याची फुलं, सूकमधून सुयोगकडून मागवलेली.

सुयोगला म्हटलं, काय प्रकार आहे? त्यालाही माहीत नाही. म्हणाला, एसीची आयुधपूजा असेल.

१२ जानेवारी, सोमवार

कळलं! कळलं आणि जिन्यात खाली बसून हसले. मग रडू आलं.

सासूबाई गावाला व्हिडिओ कॉल करत होत्या, फोन कानाला लावून, म्हणजे पलीकडे नुसता कान दिसत असणार. शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "माझी सून रोज सांजेक राखणदाराक निवद दाखयता. परक्या मुलखात. आपल्या वाडीतली खंयची सून दाखयता, सांग."

निवत — निवद! सुयोगच्या तोंडातल्या स्क्रूंनी 'त'चा 'द' केला. आणि तो डबा! टाकीमागे, उंचावर, पुढे जाळीचं दार — त्यांच्याकडे रस्त्याकडेला राखणदाराच्या घुमट्या असतात, हुबेहूब तशीच. गावचा, जागेचा राखणदार, त्याला संध्याकाळी निवद, म्हणजे नैवेद्य, दाखवला की तो घर सांभाळतो. त्यांना वाटलं, या घाटावरच्या पोरीने बहारीनच्या राखणदाराचीसुद्धा सोय केली.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण "माझी सून" म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उद्या सांगते.

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. उद्या सांगते.

भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, तीळ लावून. कराडची माझी आई करते तशी. सासूबाईंनी विचारलं, त्याला भाकरी चालेल ना? मला क्षणभर कळेना 'त्याला' म्हणजे कुणाला. म्हटलं, चालेल. मग आम्ही दोघी मिळून भाजीचं पातेलं वर नेलं, मी एक कान धरला, त्यांनी एक.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सासूबाईंनी तिळगूळ आधी डब्यात ठेवला, मग मला दिला. "घे गो." गोड बोल म्हणाल्या नाहीत, पण स्वतः बोलल्या — गच्चीवर बसून कितीतरी वेळ. सासऱ्यांना थंडीत गरम पेज लागायची, ती निवेपर्यंत ते धीर धरायचे नाहीत, दरवेळी जीभ भाजून घ्यायचे. सांगता सांगता हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. पुढचा एक दात तुटलाय, त्यामुळे हसताना तोंडावर हात धरतात.

इतकी आनंदात आहे मी. इतकी लबाड पण.

१७ जानेवारी, शनिवार

एक अडचण. निवद दाखवून लगेच खाली आणायचा असतो म्हणे. माझं पातेलं तर रात्रभर वर. सासूबाई यावर बराच विचार करत होत्या. शेवटी त्यांनीच निकाल दिला — "हंयचो राखणदार उशिरा जेवता."

मी म्हटलं, हो, इथे सगळेच उशिरा जेवतात.

१९ जानेवारी, सोमवार

इक्बालभाईंनी आज घात केला असता. आम्ही दोघी जिन्यात, ते खालून म्हणाले, "बाजी, फ्रिज बना कि नहीं?" मी घाईघाईने टाकीची गळती, लिफ्टचा दिवा, दिसेल त्याची चौकशी केली. सासूबाई पायऱ्यांकडे बघत चढत राहिल्या. त्यांचं हिंदी बेताचंच आहे. वाचले.

२१ जानेवारी, बुधवार

हेलनला सांगितलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. म्हणाली, माझं इंद्यालपण निवदात गेलं म्हणायचं! मग जरा वेळाने — "पण खोटं तू बोललीसच कुठे गं? गप्प बसलीस फक्त."

तेच तर. खोटं बोलले असते तर माफी तरी मागता आली असती.

२४ जानेवारी, शनिवार

पार्ट आला. दुबईहून, चालत.

सुयोग विजयी मुद्रेने खोकं घेऊन दारात उभा. "चल, आज तुझा फ्रीज!" मी त्याला हाताला धरून बाथरूममध्ये ओढलं, नळ सोडला आणि म्हटलं, "फ्रीजला हात लावलास तर बघ."

बिचारा बघतच राहिला. डिसेंबरभर मी त्याचं डोकं खाल्लंय या फ्रीजसाठी. आता मीच म्हणते नको! फ्रीज चालू झाला की पातेलं वर न्यायचं कारण काय? आणि पातेलं वर गेलं नाही तर ती संध्याकाळ नाही. आम्ही दोघी टाकीला टेकून बसतो, खाली सूकचे दिवे लागतात, मशिदीतून बांग ऐकू येते, सासूबाई माशांबद्दल बोलतात. बांगड्याला तिरफळ कधी घालायचं, कधी नाही. काल माझा हात धरून सुरी कशी तिरकी धरायची ते दाखवलं. हवेतल्या हवेत मासा कापला आम्ही.

एवढं सगळं मी सुयोगला रडत रडत सांगितलं. नळ वाहत होता. त्याने नळ बंद केला, खोकं कपाटावर ठेवलं आणि आईला म्हणाला, चुकीचा पार्ट आला. बघू.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो शब्द गोड लागला.

३० जानेवारी, शुक्रवार

सगळे मिळून समुद्रावर गेलो. सासूबाईंनी पाण्यात पाय घातले आणि म्हणाल्या, ह्यो आपलोच दर्या, फक्त पलीकडून बघतोय आपण. मिनूने विचारलं, "आजी, आर यू कोल्ड?" त्या म्हणाल्या, "येस." आणि स्वतःच इतक्या खूश झाल्या की घरी येईपर्यंत दिसेल त्याला येस म्हणत होत्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वारा फिरला. दक्षिणेकडून येतोय, दमट. दुपारी ऑफिसात एसी लावला.

संध्याकाळी इक्बालभाई म्हणाले, "बाजी, आज हवा में गर्मी है. दाल नीचे ही रखो." मी पातेलं थाळ्यात पाणी घालून ठेवलं, फडकं दोनदा भिजवलं. सासूबाई बाजूला वाती वळत बसल्या होत्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे उठून आधी वर पळाले. वास घेतला. वाचली, पण जेमतेम.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रकरण हाताबाहेर चाललंय.

गावच्या शेजारच्या काकू आज फोनवर माझ्याशी बोलल्या — मुद्दाम मला बोलावून. त्यांचा मुलगा मुंबईत नोकरी शोधतोय, इंटरव्ह्यूवर इंटरव्ह्यू, मिळत काही नाही. म्हणाल्या, "तुझा गाऱ्हाणा त्याका पोचता म्हणतत. माझ्या झिलासाठी एक घाल गो बाय." गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवाकडे मागणं मागायचं. एसीच्या डब्याजवळ मी त्या बाईच्या मुलासाठी काय मागू?

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला, "आवाज येणा नाय," म्हणाल्या आणि ठेवून दिला. आवाज तर खणखणीत येत होता. त्यांना कानाचा त्रास सुरू झाला की काय, आता ही एक नवीन काळजी.

आता पुरे. एक निवद माझ्या स्वार्थासाठी चालला होता, त्यात दुसऱ्याच्या पोराचं नशीब अडकवायचं नाही. सांगणार. त्या पुन्हा "सुयोग आसा?"वर गेल्या तरी सांगणार. गेल्या तर... नको, आत्ताच लिहीत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आमटी आंबली. झाकण काढलं आणि वर फेस. सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या.

मी तिथेच सांगून टाकलं. एका दमात. की हा डबा एसीचा आहे. की मी राखणदाराला काही दाखवत नव्हते, मला त्यातलं काही येत नाही. की फ्रीज डिसेंबरपासून बंद आहे आणि मी आमटी निवत ठेवत होते — निवत, आई, निवद नव्हे. की तुम्ही "माझी सून" म्हणालात म्हणून मी गप्प बसले. की फ्रीजचा पार्ट येऊन कपाटावर पडलाय आणि तो मीच लावू दिला नाही.

त्यांनी पातेलं हातात घेतलं, आतलं निरखलं. म्हणाल्या, "वतून येतंय." आणि खाली गेल्या.

दिवसभर एक शब्द नाही. दुपारी भाजी निवडली, मिनूची वेणी घातली, झोपल्या. संध्याकाळी मी वर गेले नाही. त्याही नाही. सुयोग एकदा माझ्याकडे बघतो, एकदा आईकडे, आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

व्हिसा महिनाअखेरपर्यंत आहे त्यांचा. तिकीट अलीकडचं करा म्हणतील असं वाटतंय. बरोबरच आहे त्यांचं. वाडीभर माझं कौतुक सांगून बसल्या आणि मी त्यांना तोंडघशी पाडलं.

तरी सांगितलं ते बरं केलं. वाईट वाटतंय, पण बरं केलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

अजून काही बोलल्या नाहीत. सकाळी सुयोग कपाटावरचं खोकं काढायला गेला तर म्हणाल्या, "आज सुट्टी हा, बस." तो बसला. मी पण बसले.

८ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी ऑफिसमधून आले तर सासूबाई आमटीचं छोटं पातेलं घेऊन जिन्यात उभ्या. म्हणाल्या, "मनाली, दुसरो कान धर."

वर गेलो. टाकीला टेकून बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "फ्रीज बंद आसा ता माका दुसऱ्याच दिवशी कळला गो. उघडलंय तर आत कांदे. पण तुझ्या लग्नाच्या येळाक मी सगळ्या वाडीत तुझ्याबद्दल नाय नाय ता बोललेलंय. ता परत घेवक माका कायतरी व्हया होता मगे."

त्यांनी पातेल्यावरचं फडकं सारखं केलं.

"झिलाक सांग, मी गावाक जायसर फ्रीजाक हात लावू नको. गरम पडता, तर थोडाच रांधूया. पण सांजेक वर येवया."